आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्यात पीएचडी: नेटचा अर्ज नेमका कुठे अडतो?

युद्धगुन्हे, नरसंहाराचे खटले, संघर्षानंतरचा न्याय यांत संशोधन करून पुढे शिकवायचं असेल, तर आधी यूजीसी-नेट, म्हणजे सहायक प्राध्यापक पात्रता, संशोधन फेलोशिप आणि पीएचडी प्रवेशासाठीची राष्ट्रीय परीक्षा, पाहा. वेगळा पेपर शोधत बसू नका. ‘विधी’ हाच विषय निवडायचा.

एलएलएमला (कायद्याची पदव्युत्तर पदवी) 55 टक्के हवेत. ओबीसी नॉन-क्रीमी लेयर, एससी, एसटी आणि दिव्यांगांना 50 टक्के. 54.9 चे 55 धरत नाहीत. शेवटच्या वर्षाला असाल तरी अर्ज चालतो. फोटो, सही, शुल्क हे सोपं आहे.

खरी अडचण दाखल्याची. राज्याच्या नमुन्यातला नॉन-क्रीमी लेयर दाखला इथे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला, चालू आर्थिक वर्षातला हवा आणि जात केंद्राच्या ओबीसी यादीत असायला हवी. विजा-भज (विमुक्त जाती-भटक्या जमाती), विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) हे राज्याचे प्रवर्ग. केंद्राच्या अर्जात त्यांचा रकानाच नसतो. सेतू केंद्रात ‘केंद्रासाठी’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीने राज्याचाच दाखला हाती येतो. हुशार मुलांचे अर्ज एका कागदापायी बाद व्हावेत, हे संतापजनक आहे.

जेआरएफची, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपची, वयोमर्यादा 30. एलएलएम झालेल्यांना तीन वर्षांची सूट असते, महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच. दोन्हींची बेरीज करून 38 धरू नका. एकूण सूट पाचच्या वर जात नाही. फक्त सहायक प्राध्यापक पात्रतेसाठी वयाची अट नाही.

निकालातही नीट पाहा. ‘फक्त पीएचडी प्रवेश’ असं आलं तर ते गुण एकच वर्ष चालतात. जून 2024 पासूनचा हा नियम अनेकांना मुदत टळल्यावर कळतो. महाराष्ट्र-गोव्याची सेट ही राज्य पातळीवरची परीक्षा सहायक प्राध्यापकपदासाठी चालते, फेलोशिप मात्र देत नाही.

आता संशोधन आराखडा. ‘आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची भूमिका’ असा ढगळ विषय मुलाखतीत टिकत नाही. मालीतल्या टिंबक्टू शहरातल्या दर्ग्यांच्या विध्वंसाबद्दल 2016 मध्ये या न्यायालयाने अल महदी या आरोपीला नऊ वर्षांची शिक्षा दिली. पुढच्या वर्षी 27 लाख युरोंच्या भरपाईचा आदेश निघाला. त्या भरपाईवर पीडित समुदायाचा हक्क कसा ठरला, एवढाच प्रश्न घेतला तरी प्रबंध उभा राहतो. हे न्यायालय ज्या करारातून उभं राहिलं त्या रोम संविधीचा भारत सदस्य नाही म्हणून कचरू नका. निकालपत्रं न्यायालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. आराखडा लिहिण्याआधी निदान एक तरी पूर्ण वाचा.