डेलोसवर म्हणे माणसं राहतच नव्हती!

ग्रीसच्या डेलोस या पवित्र बेटाबद्दल हमखास ऐकवलं जातं, की तिथे जन्मायला आणि मरायला बंदी होती, म्हणजे नुसती देवळं आणि पुजारी, वस्ती नव्हतीच. बंदी खरी आहे. इ.स.पू. ४२६ मध्ये अथेन्सने तिथली थडगी उकरून शेजारच्या रेनिया बेटावर हलवली. बाळंतपणाला आलेली बाई आणि शेवटच्या घटका मोजणारा माणूस, दोघांनाही तिकडेच न्यायचं. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा. रहिवासी तेव्हाही होतेच. पुढे इ.स.पू. १६६च्या सुमारास रोमने बंदर करमुक्त केलं आणि व्यापाऱ्यांची रीघ लागली. त्यांची घरंच्या घरं उत्खननात सापडली आहेत, आणि कोण कुठलं हे काही ठिकाणी दारातच कळतं. ‘डॉल्फिनच्या घरा’त शिरताच जमिनीवरच्या मोझेइकमध्ये (रंगीत तुकड्यांच्या नक्षीत) फिनिशियन लोकांची, म्हणजे आजच्या लेबनॉन-सीरियाच्या किनाऱ्यावरच्यांची, देवी तानित हिचं चिन्ह दिसतं, आतल्या मोझेइकवर सही करणारा कारागीरही सीरियाच्या किनाऱ्यावरच्या अरादोसचा. इटालियन मंडळींनी दारालगतच्या भिंतीवर आपल्या लारेस या राखणदार देवतांच्या पूजेची चित्रं काढून घेतली, तीही पुन्हा पुन्हा, थरावर थर देऊन. क्लिओपात्रा नावाच्या अथेनियन बाईने (इजिप्तची राणी नव्हे!) घरात नवऱ्याचा पुतळा बसवला, शेजारी स्वतःचाही, आज दोघांचीही डोकी गायब आहेत. वस्तीला उतरती कळा लागली ती त्या बंदीमुळे नव्हे, तर इ.स.पू. ८८ आणि ६९ मधल्या हल्ल्यांनंतर.