खोटा यती, भोळा दादा: एका विनोदी क्लृप्तीची पार्श्वभूमी

बेळगाव-खानापूरकडच्या जत्रांत गावची पोरं जी मराठी नाटकं बसवतात, त्यांत एक सोंग ठरलेलं. मुलीचा बाप ज्याला उंबरठा ओलांडू देत नाही, तोच दाढी चिकटवून महाराज होतो आणि बाप त्याच्याच पायांवर डोकं ठेवतो. अख्ख्या मांडवाला ठाऊक, एकट्या बापाला पत्ता नाही!

या सोंगाचा एक मोठा पूर्वज भागवतात सापडतो. दशम स्कंधाच्या ८६व्या अध्यायात बलरामाच्या मनात सुभद्रा दुर्योधनाला द्यायची असते, म्हणून अर्जुन त्रिदंडी यती, म्हणजे तीन दंड बाळगणारा संन्यासी, बनून द्वारकेत येतो आणि पावसाळा तिथंच काढतो. गंमत अशी की त्याला आग्रहानं घरी जेवायला नेतो तो खुद्द बलराम. चोराला पाट मांडून बसवणारा असा यजमान मिळाल्यावर नाटककाराला आणखी काय हवं?

तो नाटककार याच बेळगाव जिल्ह्याचा. अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली गुर्लहोसूरला जन्मले. बेळगावात त्यांनी मास्तरकी केली, भरतशास्त्रोत्तेजक मंडळी ही नाटकमंडळी काढली. गोविंद बल्लाळ देवल इथलेच त्यांचे विद्यार्थी. पुढे नोकरीनिमित्त पुण्याला गेल्यावर १८८० मध्ये त्यांनी ‘शाकुंतल’ आणलं. सुभद्रेच्या याच कथेवरच्या ‘सौभद्र’चे पहिले तीन अंक १८८२ च्या नोव्हेंबरात झाले, पुरं नाटक पुढल्या वर्षी. कानडी मुलखात वाढलेल्या या माणसानं कर्नाटकी चाली मराठी पदांत सहज मुरवल्या.

किर्लोस्करांनी पौराणिक कथेला घरगुती रंग दिला. त्यांचा बलराम तापट, पण मनानं सरळ. साधू दिसला की विरघळणारा. यतीची सेवा करायला तो बहिणीलाच धाडतो. इथं फसतो तो थोरला भाऊ, बाप नव्हे. भागवतात तर वसुदेव-देवकीची संमतीच आहे. मला वाटतं, हे त्या काळी सोयीचंच पडलं असावं. कर्त्या भावाची फजिती बघून एकत्र कुटुंबातली माणसं मोकळेपणी हसली असतील. बापाला असं बनवलेलं कितपत रुचलं असतं, कोण जाणे.

गावच्या नाटकांनी ती भीड कधीच सोडली. बलरामाच्या जागी सरळ बाप आला, तोही बहुधा हुंड्याचा हिशेब मांडत बसलेला. आणि ‘सौभद्र’त सगळी सूत्रं हलवणाऱ्या कृष्णाचं काम गेलं मुलीच्या मामाकडं.