मॉडेल विमानाच्या इंजिनाचा आवाज कमी करणे

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचा कर्कश आवाज सायलेन्सर, पंखा (प्रोपेलर) आणि इंजिनाची बैठक यांत बदल करून घटवण्याचे तंत्र. अशा विमानांत मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि एरंडेल किंवा कृत्रिम तेल यांच्या मिश्रणावर चालणारे टू-स्ट्रोक ग्लो इंजिन (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारे) सर्रास आढळते. त्यात दर फेऱ्याला एक स्फोट होतो. मिनिटाला १२,००० फेरे म्हणजे सेकंदाला २०० स्फोट. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकच स्फोट, त्यामुळे त्याचा सूर खालचा लागतो आणि कानाला कमी टोचतो.

सिलिंडरातून सुटलेला वायू आधी मोठ्या पोकळीत पसरू द्यायचा आणि मग आडव्या पडद्यांतून वळवत बाहेर सोडायचा, हे सायलेन्सरचे काम. तोंड बारीक केल्यानेही आवाज घटतो, पण गरम वायू आत तुंबतो, ताकद पडते आणि इंजिन तापते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तिथे हा मार्ग टाळलेलाच बरा. चार फेरे जास्त मिळावेत म्हणून आतला पडदा काढून टाकण्याची सवय मात्र निव्वळ वाईट आहे.

सायलेन्सरवरच्या निपलमधून (छोट्या नळीतून) इंधनाच्या टाकीला दाब मिळतो, म्हणून सायलेन्सर बदलला की निडल (इंधनाचे प्रमाण ठरवणारी सुई) नव्याने लावावी लागते. मिश्रण थोडे रिच, म्हणजे इंधन जास्त असलेले, ठेवून, विमानाचे नाक वर धरून फुल थ्रॉटलला इंजिन दम टाकते का ते पाहावे. जोडाच्या स्क्रूभोवती काळपट तेलाचा ओघळ दिसला, तर वायू तिथूनच फुटतो आहे. गॅस्केट बदलून स्क्रू आवळल्याशिवाय पुढचा कोणताही उपाय लागू पडत नाही.

यापुढचा सगळा प्रश्न पंख्याचा, आणि बहुतेकांचे दुर्लक्ष होते ते इथेच. एक्झॉस्ट आणि पंखा दोन्ही ९० डेसिबलचे असतील तर एकत्रित आवाज ९३ होतो. एक्झॉस्ट पूर्ण गप्प केला तरी ९० उरतातच. १० इंची पंख्याचे टोक १२,००० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे १६० मीटर वेगाने कापत जाते. ११ इंची, कमी पिचचा (पात्यांचा तिरपेपणा कमी असलेला) पंखा लावून फेरे १०,०००वर आणले तर हा वेग १४६ मीटरवर येतो आणि ओरड लक्षात येण्याइतकी कमी होते. इंजिन रबरी बैठकीवर बसवले की सांगाड्याची थरथरही शमते.

खानदेशात हवेचाही हिशेब धरावा लागतो. उडवायला वारा पडलेली सकाळ उत्तम; पण हिवाळ्यात त्याच वेळी जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज खाली वळून गावापर्यंत पोचतो. दुपारी तापलेल्या जमिनीमुळे तो वर वळतो. कापूस निघाल्यावर नांगरलेली काळी जमीन आवाज थोडा शोषते, डांबरी रस्ता तो परतवतो. शेजारच्या रानात औत चालू असेल तर बैल बुजतात. अशा वेळी इंजिन सुरू करण्याआधी शेतकऱ्याला विचारणे आवश्यक.

मोजमापासाठी ब्रिटनच्या १९८२च्या आचारसंहितेतील ७ मीटरवर ८२ डेसिबल ही मर्यादा उपयोगी पडते. भारतात २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल इतकीच मुभा आहे. खुल्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, म्हणून वस्तीपासून लांबचे रान निवडणे हा सर्वांत स्वस्त उपाय. ब्रशलेस मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरीने एक्झॉस्टचा प्रश्न मुळातच संपतो. पंख्याचा आवाज तेवढा उरतो.