जाम बोल्ट सोडवणे

जाम बोल्ट : गंजामुळे, उष्णतेमुळे किंवा गरजेपेक्षा जास्त आवळल्यामुळे आट्यांत घट्ट धरून बसलेला, साध्या पान्याला दाद न देणारा बोल्ट. घरी इंजिन खोलणाऱ्याचा अर्धा दिवस बहुधा अशा एखाद्याच बोल्टपायी जातो.

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. आट्यांच्या फटीत तेवढी जागा नसते, म्हणून बोल्ट आवळल्यासारखा बसतो. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या झाकणासारख्या भागात) पोलादी बोल्ट असेल, तर ओलाव्याने ॲल्युमिनियमच झिजते आणि त्याची पांढरट पूड आट्यांत भरते. कोकण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत हे लवकर घडते. सर्वांत चिवट ते एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचे, बोल्ट. रोज तापायचे आणि निवायचे.

काम गार इंजिनवर सुरू करावे, बॅटरीची ऋण वायर काढून. गाडीखाली शिरायचे असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नये, घोडे (गाडी तोलून धरणारे लोखंडी टेकू) लावावेत. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण गंजाचे पापुद्रे थेट तोंडावर पडतात.

आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करून गंज सोडवणारे तेल मारावे आणि बोल्ट रात्रभर तसाच ठेवावा. घाई करणारे नेमकी हीच पायरी गाळतात. दुसऱ्या दिवशी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे चार-सहा सरळ ठोके द्यावेत. गंजाची पकड तडकते आणि तेल आत उतरते. पाना सहा कोनी गोटीचाच (बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा, म्हणजे सॉकेट) घ्यावा, बारा कोनी गोटी झिजलेल्या डोक्यावरून घसरते. बोल्ट आधी किंचित आवळून पाहावा, मग उलटा फिरवावा. ‘कट्’ असा कोरडा आवाज येऊन तो हलला की पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा तेल. पाना शक्यतो आपल्याकडे ओढावा. ढकलताना तो सुटला तर बोटांची सालटी जातात.

पान्याला लांब पाइप लावण्याचा मोह मोठा असतो. साधा ८ मिमी बोल्ट सुमारे २५ न्यूटन-मीटरला आवळलेला असतो, म्हणजे फूटभर दांड्यावर जेमतेम ८ किलोचा भार. मीटरभर पाइपावर माणूस लोंबकळला तर बोल्ट सुटण्याआधी तुटतो. हाताला रबरासारखा लवचीक ताण जाणवला, की थांबावे.

ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून हेड शेकल्यास पोलादी बोल्ट ढिला होतो. मात्र पेट्रोलच्या नळ्या, रबर आणि ताजे तेल यांच्याजवळ ज्योत नेऊ नये. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी तर मुळीच नाही. त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निघू शकतो. स्पार्क प्लगला शेकण्याची युक्ती लावू नये, तो गार हेडमधूनच काढतात, नाहीतर मऊ आटे प्लगबरोबर बाहेर येतात.

बोल्टच्या डोक्याचे कोन झिजून ते गोल झाले तर त्यावर नट वेल्ड करून घेणे हा उत्तम उपाय. वेल्डिंगची उष्णताही पकड सोडवते. तुटलेला तुकडा काढायचा उलट्या आट्यांचा एक्सट्रॅक्टर कडक पोलादाचा असल्याने ठिसूळ असतो. तो आतच मोडला तर साध्या ड्रिलला दाद देत नाही, आणि हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावे लागते.