मागील डिरेलर बदलणे व चेन ओवणे

मागील डिरेलर : गिअरच्या सायकलीत चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारी आणि सैल पडू पाहणारी चेन ताणून धरणारी यंत्रणा. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूस फ्रेमला असलेल्या ‘हँगर’ या कानावर ती एकाच बोल्टने टांगलेली असते. तिच्या पिंजऱ्यात दोन पुली असतात. वरची पुली चेनला आडवी ढकलून चकती बदलते. खालची पुली पिंजऱ्याच्या स्प्रिंगच्या जोरावर चेनची ढील खाते. डिरेलर बदलण्याचे काम मोजक्या हत्यारांनी घरी होते, मात्र त्याचा क्रम पाळावा लागतो : आधी हँगर सरळ, मग मर्यादा-स्क्रू (डिरेलर किती आत-बाहेर सरकेल हे ठरवणारे दोन स्क्रू) व चेन, आणि सर्वांत शेवटी केबल. केबल आधी ताणली, की एका दोषावर दुसऱ्याचे पांघरूण पडते आणि गिअर कशामुळे बिघडले हे कळेनासे होते.

टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत डिरेलर वापरायला १९३७ साली मुभा मिळाली. चौकटीच्या आकाराचा, केबलने ओढला जाणारा डिरेलर कॅम्पान्योलो या इटालियन कंपनीने १९५० च्या सुमारास रूढ केला. जपानच्या सनटूरने १९६४ मध्ये ही चौकट तिरकी केली, त्यामुळे वरची पुली लहान-मोठ्या सर्व चकत्यांच्या जवळ राहू लागली. शिमानोने १९८४ मध्ये शिफ्टरच्या (गिअर बदलण्याच्या कळीच्या) प्रत्येक ‘टिक’ला एक गिअर नेमून दिला. आजच्या बहुतेक डिरेलरांची घडण या सुधारणांवर उभी आहे. नवा डिरेलर निवडताना होणाऱ्या चुकांचे मूळ मात्र मुख्यतः शेवटच्या सुधारणेत आहे.

बदलण्याआधी. गिअर अडखळतात म्हणून डिरेलर बदलला जातो, पण दोष अनेकदा त्याचा नसतो. सायकल उजव्या बाजूला पडली की अ‍ॅल्युमिनियमचा हँगर आत वाकतो. फ्रेमऐवजी तो वाकावा, म्हणूनच तो मऊ ठेवलेला असतो. वाकलेल्या हँगरवर कितीही महागडा डिरेलर चढवला तरी दोन-तीन चकत्यांवर गिअर बरोबर बसतात आणि बाकीच्यांवर खरखरतात. सायकलीमागे बसून पाहावे : दोन्ही पुली चकत्यांना समांतर, एकाखाली एक उभ्या दिसल्या पाहिजेत. अचूक तपासणीसाठी हँगरच्या आट्यांत बसणारा लांब दांड्याचा गेज मिळतो. तो रिमभोवती फिरवून चार ठिकाणी अंतर मोजतात. फरक ४ मिमीच्या आत असावा. बदलता येणारा हँगर फार वाकला असेल तर नवा घ्यावा. हँगरचे असंख्य आकार आहेत, तेव्हा जुना काढून दुकानात सोबत न्यावा. केबल गंजलेली किंवा आउटर (केबलचे बाहेरचे आवरण) पिचलेला असेल, तर आधी तो बदलून पाहावा. पुष्कळदा काम तिथेच संपते. डिरेलर खरोखर गेला असेल तर पिंजरा पिळलेला दिसतो, चौकटीचे सांधे हाताला लटलट करतात किंवा स्प्रिंग परत येत नाही.

जुळणारा डिरेलर. तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, केबलच्या ओढीचे प्रमाण. शिमानोच्या जुन्या ६ ते ९ गिअरांच्या बहुतेक संचांत आणि रस्त्याच्या सायकलींच्या १० गिअरांच्या संचांत केबल १ मिमी ओढली की डिरेलर सुमारे १.७ मिमी सरकतो. ७ गिअरांच्या फ्रीव्हीलवर (मागच्या चकत्यांच्या संचावर) शेजारच्या दोन चकत्यांत साधारण ५ मिमी अंतर असते, म्हणजे एका टिकला जेमतेम ३ मिमी केबल ओढली जाते. त्यात अर्धा मिमी चूक झाली तरी पुली पाऊण मिमीहून अधिक भरकटते. माउंटन बाइकच्या १० गिअरांच्या संचात शिमानोने हे प्रमाण बदलले. म्हणून रस्त्याच्या १० गिअरांच्या शिफ्टरला माउंटनचा १० गिअरांचा डिरेलर लावला तर गिअर कधीच जुळत नाहीत. स्रॅम या दुसऱ्या कंपनीचे प्रमाण निराळे आहे. तो डिरेलर शिमानोच्या शिफ्टरला लावू नये. उलट शिमानोचा ९ गिअरांचा डिरेलर ७ वा ८ गिअरांच्या शिमानो शिफ्टरबरोबर निर्धास्त चालतो, कारण टिका शिफ्टरमध्ये असतात, डिरेलरमध्ये नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे सर्वांत मोठी चकती किती दात्यांची चालेल, आणि तिसरी म्हणजे पिंजरा किती ढील खाईल. ढिलीचा हिशेब सोपा आहे : पुढच्या मोठ्या-लहान चकत्यांतील फरक अधिक मागच्या मोठ्या-लहान चकत्यांतील फरक. पुढे ४२-३४-२४ आणि मागे १४ ते २८ असेल तर १८ अधिक १४, म्हणजे ३२. डिरेलरची क्षमता याहून कमी नको. पुढे तीन चकत्या असतील तर लांब पिंजराच घ्यावा.

भारतात विकल्या जाणाऱ्या २१ गिअरांच्या स्वस्त सायकलींपैकी पुष्कळांच्या फ्रेमला हँगरच नसतो. त्यांना पत्र्याच्या पट्टीसकट येणारा डिरेलर लागतो. ही पट्टी चाकाच्या उजव्या नटाखाली बसते आणि खाचेतल्या लहान बोल्ट-नटाने जागीच राहते. हँगर असलेल्या फ्रेमला पट्टीवाला डिरेलर घेऊ नये.

जुना काढणे. शिफ्टरने चेन मागच्या सर्वांत लहान चकतीवर आणावी, पुढेही लहान चकतीवर. डिरेलरला क्लच (पिंजऱ्याची हालचाल घट्ट धरणारी सोय) असेल तर तो बंद करावा. केबलच्या टोकाची टोपी कापून तिचा बोल्ट सैल करावा. चेन उघडायचे दोन मार्ग आहेत. क्विक लिंक (उघडता येणारी जोडकडी) असेल तर तिच्या पकडीने ती सोडवावी. नसेल तर चेन न तोडता खालच्या पुलीचा बोल्ट काढून वरचा सैल करावा. पिंजऱ्याची आतली पट्टी फिरते आणि चेन मोकळी होते. डिरेलर टाकूनच द्यायचा असेल तर ही दुसरी रीत उत्तम, कारण चेनच्या पिनेला धक्का लागत नाही. मग ५ मिमी अ‍ॅलन कीने हँगरचा बोल्ट घड्याळाच्या उलट दिशेने सोडवावा.

नवा बसवणे. हँगरच्या आट्यांचा व्यास १० मिमी आणि दोन आट्यांतील अंतर १ मिमी असते. ते ब्रशने स्वच्छ करून किंचित ग्रीस लावावे. बोल्ट हातानेच तीन-चार वळसे घालून बघावा. तो अडला तर जोर न लावता बाहेर घेऊन पुन्हा सरळ धरावा. मऊ धातूत वाकडा आटा पडला की हँगर वाया जातो. या वेळी डिरेलर थोडा मागे फिरवून धरायचा असतो. त्याच्या पाठीवरची पट्टी किंवा बी-स्क्रूचे (वरची पुली चकत्यांपासून किती दूर राहील हे ठरवणाऱ्या स्क्रूचे) टोक हँगरच्या खालच्या पायरीच्या मागे बसले पाहिजे. ते पायरीवरच चढलेले असताना बोल्ट आवळला तर पट्टी वाकते आणि वरची पुली चकत्यांपासून नेहमीच चुकीच्या अंतरावर राहते. शिमानोच्या नेहमीच्या डिरेलरांसाठी हा बोल्ट ८ ते १० न्यूटन-मीटर आवळावा.

केबल न जोडताच आता एच स्क्रू, म्हणजे लहान चकतीकडचा मर्यादा-स्क्रू, लावता येतो. स्प्रिंग डिरेलरला आपोआप बाहेर, लहान चकतीकडे खेचते. मागून पाहता वरची पुली लहान चकतीच्या बाहेरच्या कडेच्या थेट खाली येईपर्यंत स्क्रू फिरवावा. मग डिरेलर हाताने आत ढकलून मोठ्या चकतीच्या बरोबर खाली थांबेल असा एल स्क्रू, म्हणजे दुसरा मर्यादा-स्क्रू, लावावा. एल सैल राहिला तर चेन मोठी चकती ओलांडून आऱ्यांत पडते. चाक जाम होते आणि नव्या डिरेलरसह हँगरही तुटू शकतो. म्हणून एल आधी थोडा घट्टच ठेवून मग सोडत जावा.

चेन ओवणे. सायकलीचे तोंड उजवीकडे करून, उजव्या बाजूने पाहावे. चेन मागच्या चकतीच्या खालून निघते, वरच्या पुलीच्या पुढून जाते, तिथून तिरपी मागे वळून खालच्या पुलीच्या मागून वळसा घेते आणि पुढे जाते. या दोन वळणांची आकृती उलट्या इंग्रजी एससारखी दिसते. पुढे डिरेलर असेल तर चेन त्याच्याही पिंजऱ्यातूनच गेली पाहिजे. हे विसरून चेन जोडली जाण्याचे प्रकार सर्रास होतात, आणि मग ती पुन्हा उघडावी लागते.

याहून फसवी जागा मागच्या पिंजऱ्यातच आहे. बहुतेक डिरेलरांत दोन पुलींच्या मधे पिंजऱ्याच्या पट्टीतून आत आलेली एक छोटी जीभ किंवा पिन असते. चेन पुलींवरून घसरू नये म्हणून ती ठेवलेली असते. चेन जिभेच्या चुकीच्या बाजूने ओवली तरी पुलींवर नीट बसते, गिअरही बहुधा बदलतात. फक्त पेडल मारताना सतत बारीक खरखर येते आणि उलटे पेडल जड लागते. ही खरखर पुलीत तेल कमी पडल्याची समजून तेल घातले जाते आणि चेन तशीच घासत राहते. पाहण्याची खूण अशी : दोन पुलींमधला चेनचा तुकडा सरळ रेषेत असावा आणि जिभेला त्याचा स्पर्श होऊ नये. चेन जिभेवरून वाकून जात असेल किंवा जिभेची कड चकाकत असेल, तर चेन उघडून पुन्हा ओवावी. पिंजरा उघडून बसवला असेल तर त्याची आतली पट्टी योग्य बाजूला आली का हेही बघावे. खालच्या पुलीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असू शकतो. वरच्या पुलीला मुद्दाम थोडी आडवी हालचाल दिलेली असते, तेव्हा पुलींची अदलाबदल करू नये. पुलींचे बोल्ट २.५ ते ५ न्यूटन-मीटर, आट्यांना मध्यम ताकदीचा थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा द्रव) लावून आवळावेत. हे बोल्ट चालत्या सायकलीतून गळून पडणे ही नेहमीची तक्रार आहे.

चेन नवी असेल तर लांबी ठरवावी लागते. डिरेलरमधून न ओवता चेन पुढच्या व मागच्या सर्वांत मोठ्या चकत्यांवरून फिरवावी. टोके जिथे भेटतात तिथून दोन कड्या, म्हणजे एक इंच अधिक ठेवावी. एक कडी १२.७ मिमीची असते आणि बाहेरची रुंद कडी आतल्या अरुंद कडीलाच जोडली जाते. क्विक लिंक ही स्वतः रुंद कडी असल्याने तिच्यासाठी दोन्ही टोके अरुंद हवीत. मागची मोठी चकती २८ ऐवजी ३४ दात्यांची केली तर चेन सुमारे तीन कड्यांनी लांब हवी, म्हणजे जोडीच्या हिशेबाने चार. आखूड चेन मोठ्या-मोठ्या जोडीवर डिरेलरला ओढून फाडते. लांब चेन छोट्या-छोट्या जोडीवर लोंबते, पण काही मोडत नाही. दोन्हीपैकी एक चूक व्हायचीच असेल तर लांबीकडे व्हावी.

९ आणि त्याहून अधिक गिअरांच्या अरुंद चेनमध्ये जुनी पिन परत ठोकून बसवू नये. भोक सैल होते आणि चढावर, जोर पडल्या क्षणी कडी उघडते. त्या चेनसाठी कंपनीची नवी जोडपिन किंवा त्याच गिअरसंख्येची क्विक लिंक वापरावी. पिन बसल्यावर कडी ताठ राहिली असेल तर चेन त्या जागी हलकेच आडवी वाकवून मोकळी करावी. नाहीतर दर फेरीला डिरेलरमधून ती टुणकन उडते.

केबल व गिअर जुळवणी. गिअरच्या आउटरमध्ये तारा उभ्या, लांबीच्या दिशेने असतात, म्हणून तो दाबाखाली आखूड होत नाही. ब्रेकच्या आउटरमध्ये तार गुंडाळलेली असते. ब्रेकचा आउटर गिअरला लावला तर टिका चुकतात. गिअरचा ब्रेकला लावला तर जोरात ब्रेक दाबताच तो फाटू शकतो, आणि ते जिवावर बेतते. आउटर काटकोनात कापून दोन्ही टोकांना टोप्या घालाव्यात.

बॅरल (केबलचा ताण कमी-जास्त करणारी फिरकी) पूर्ण आत फिरवून एक वळसा बाहेर घ्यावे. शिफ्टर लहान चकतीच्या टिकवर ठेवून केबल हाताने ताणावी आणि बोल्टाजवळच्या खाचेतच बसवून ६ ते ७ न्यूटन-मीटर आवळावी. केबल बोल्टाच्या दुसऱ्या बाजूला दाबली गेली तर ओढीचे प्रमाणच बदलते; मग एका टोकाला गिअर जुळतात आणि दुसऱ्या टोकाला सुटतात. आता शिफ्टर एक टिक दाबावा. चेन दुसऱ्या चकतीवर चढत नसेल तर बॅरल पाव वळसा बाहेर, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने. तिसरीला घासत असेल तर पाव वळसा आत. बी-स्क्रूने वरची पुली मोठ्या चकतीपासून शिमानोच्या सामान्य संचात ५ ते ६ मिमी दूर ठेवावी. पुढे एकच चकती आणि मागे फार मोठी कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) असेल तर अंतर जास्त लागते. स्रॅमच्या १२ गिअरांच्या संचात ते सुमारे १५ मिमी असते.

स्टँडवर बरोबर चालणारे गिअर रस्त्यावर जोर पडल्यावर चुकू शकतात, म्हणून चढावर सर्व गिअर फिरवून पाहावेत. नवी चेन आणि जुनी कॅसेट अशी जोडी असेल आणि एक-दोन ठरावीक चकत्यांवर चेन दात्यांवरून उड्या मारत असेल, तर डिरेलर कितीही जुळवला तरी उपयोग नाही. त्या चकत्या झिजल्या आहेत. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पुलींच्या दात्यांत घट्ट बसतो आणि गिअर चुकल्यासारखे वाटतात. तेव्हा बॅरलला हात लावण्यापूर्वी पुली काडीने साफ कराव्यात.

पहिल्या काही फेऱ्यांत आउटर टोप्यांत दबून बसतो आणि केबल थोडी सैल होते. बॅरल पाव ते अर्धा वळसा बाहेर घेतले की जुळते. त्यानंतरही दर आठवड्याला बॅरल फिरवावे लागत असेल तर केबल बोल्टाखाली घसरते आहे किंवा शिफ्टरच्या आत तिच्या गोळ्यापाशी तारा एकेक करून तुटत आहेत. दुसऱ्या बाबतीत केबल लगेच बदलावी, कारण तुटलेले तुकडे शिफ्टरमध्ये अडकले तर ते काढणे फार जिकिरीचे होते.