पिंग गेला नाही म्हणजे केबल खराब?

समज जुना आहे: घरातल्या एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याला पिंग केलं (म्हणजे 'आहेस का?' अशी छोटी हाक पाठवली) आणि उत्तर आलं नाही, तर केबल किंवा लॅन कार्ड गेलं. वाटणं साहजिक आहे, पण नवी केबल घ्यायला बाजार गाठण्याआधी स्क्रीनवरची ओळ नीट वाचा.

दोन्हीकडे विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) द्या. एकाचा नेटवर्कवरचा पत्ता १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१.७ असेल, तर पहिल्यावरून १९२.१६८.१.७ ला पिंग करा (ping 192.168.1.7). 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं, तर लगेच 'एआरपी -ए' (arp -a) द्या. यादीत १९२.१६८.१.७ पुढे अक्षर-आकड्यांच्या सहा जोड्यांचा हार्डवेअर पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) दिसला, तर समोरच्या मशीननं आत्ताच 'मी इथे आहे' असं सांगितलंय. म्हणजे केबल, स्विच, कार्ड सगळं चालू आहे. पिंगचं उत्तर तेवढं बहुधा त्या मशीनचा फायरवॉल (बाहेरून येणारं अडवणारा सुरक्षा प्रोग्राम) अडवतोय. विंडोजमध्ये नेटवर्क 'पब्लिक' असेल तर हे हमखास होतं. दुसऱ्या मशीनवर ते 'प्रायव्हेट' करा, फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा, पुन्हा पिंग करा. फायरवॉल सरसकट बंद करायची गरजच नाही.

'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' मात्र वेगळं. तेव्हा समोरचं मशीन सापडतच नाही. ते झोपलंय का, गेस्ट वायफायवर आहे का ते बघा. घरात राउटर असूनही त्या मशीनचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. केबलवर संशय घ्यायचा तो इथे, आणि तेव्हाही आधी पोर्टचा दिवा बघून.