रुपयामागचा धूर आणि एकूण धूर

'2030 पर्यंत भारत उत्सर्जन 45 टक्क्यांनी घटवणार.' हे वाक्य बातम्यांत, भाषणांत, स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये इतक्यांदा वाचलंय की आता चिडायचंही त्राण उरलं नाही. भारताने असं वचन दिलेलंच नाही. ऑगस्ट 2022 मध्ये दिलं ते असं: जीडीपीच्या दर रुपयामागे होणारं उत्सर्जन 2005 च्या तुलनेत 45 टक्क्यांनी कमी करू. 'जीडीपीच्या दर रुपयामागे' एवढं गाळलं की वचनच बदलतं.

उत्सर्जन म्हणजे हवेत सोडलेले हरितगृह वायू; ते कोणते, हे शाळेत झालंय. कार्बन डायऑक्साइड, मिथेन वगैरे एकाच मापात आणून मोजतात, एवढं पुरे.

खरा घोळ पुढे आहे. माझी जुनी स्कूटर 40 चं ॲव्हरेज द्यायची. ऑफिसला जाऊन-येऊन 20 किलोमीटर, म्हणजे रोज अर्धा लिटर. नवी 55 देते. पण ऑफिस हिंजवडीला गेलं, रोजचे 44 किलोमीटर झाले, आता 800 मिली लागतं. शोरूमवाल्याने सांगितलेलं ॲव्हरेज खरं, आणि महिनाअखेरीस पेट्रोलवर जास्त पैसे गेले हेही खरं. रुपयामागचं उत्सर्जन म्हणजे हे ॲव्हरेज. हवेत मात्र ॲव्हरेज जात नाही, धूर जातो.

देशाचंही तेच. सरकारी आकड्यांनुसार 2005 ते 2019 दरम्यान अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी 7 टक्क्यांनी वाढली, उत्सर्जन 4 टक्क्यांनी. चौदा वर्षांचं चक्रवाढ मांडून बघा: अर्थव्यवस्था अडीचपटीच्या थोडी वर, उत्सर्जन पावणेदोनपटीच्या आसपास. भागाकार केला की रुपयामागे 33 टक्के घट निघते, आणि सरकारने जाहीर केलेला आकडाही तोच आहे. त्याच काळात एकूण उत्सर्जन मात्र 70 टक्क्यांच्या घरात वाढलं. दोन्ही आकडे खरे, त्यात लबाडी कुठेच नाही. लबाडी पहिला सांगून दुसरा लपवण्यात आहे.

आणि रुपयामागचा धूर कमी व्हायला एकही धुराडं बंद पडावं लागत नाही. चंद्रपूरकडच्या सिमेंट कारखान्याचं घ्या. चुनखडी भाजून क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होतं ते खडे, करताना दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. क्लिंकर कमी करून वीजकेंद्राची राख मिसळली की गोणीमागचं उत्सर्जन उतरतं. चांगलंच आहे, पण गोण्या दुप्पट खपल्या तर? त्याहून गंमत म्हणजे सिमेंट कारखान्यात काहीच बदललं नाही आणि नुसत्या पुण्यातल्या आयटी कंपन्या वाढल्या, तरी देशाची सरासरी सुधारते. एसी आणि कॉम्प्युटरच्या विजेवर कोट्यवधी कमावणारा धंदा भागाकारात फार देखणा दिसतो.

म्हणून हे ध्येय ढोंग आहे असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. दरडोई कार्बन डायऑक्साइड आपल्याकडे वर्षाला 2 टनांच्या आसपास, अमेरिकेत 14 च्या. ज्यांच्या घरात आत्ता कुठे फ्रिज आला, त्यांच्याकडे एकूण घट कुठल्या तोंडाने मागायची? ब्रिटनने 1990 पासून एकूण उत्सर्जन जवळपास निम्म्यावर आणलं आणि अर्थव्यवस्थाही वाढवली, हे मान्य. पण तिथे विकल्या जाणाऱ्या चिनी मालाचा धूर चीनच्या खात्यावर पडतो.

'उत्सर्जन तीव्रता' या सरकारी शब्दाचाही मला राग आहे. तीव्रता म्हटलं की भूकंप आठवतो. 'रुपयामागचं उत्सर्जन' म्हणा, घोळ निम्मा मिटेल.

याच जातीचा धाकटा घोळ विजेचा. जून 2025 मध्ये भारताची वीजनिर्मितीची 50 टक्के स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-गॅस-तेल सोडून, झाली, तर लगेच 'निम्मी वीज स्वच्छ' असे मेसेज फिरले. क्षमता म्हणजे किती बनू शकते. बनते किती, हा निराळा हिशोब. सोलर पॅनल संध्याकाळी सातला घरी जातं. तेव्हा आपण दिवे लावतो ते बहुतांशी कोळशावरच.